पार्सलच्या खोक्यापेक्षा आतला टॉवेल जड

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. घरात महिन्याला सात-आठ पार्सलं येतात, खोकी आणि प्लास्टिक बघून जिवाला लागतं. ऑनलाइन बंद करून नवी पेठेतल्या दुकानांतूनच घ्यावं का? कापड सुतीच घ्यावं का? आणि एका घराच्या खरेदीने पर्यावरणाला खरंच काही फरक पडतो का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, की स्वयंपाकघराच्या दारामागे लटकवलेल्या कापडी पिशव्याच आता तीसेक झाल्यात.

ताई, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांमध्ये रंगाई आणि सांडपाणी बघतो, वीस वर्षांहून जास्त झाली. त्यामुळे माझं उत्तर जरा टॉवेलाकडे झुकणार, तेवढं चालवून घ्या.

आधी खोक्याचं सांगतो. रिकामं खोकं डोळ्यांसमोर पडून राहतं म्हणून त्याचा त्रास होतो, पण एकूण हिशोबात त्याचा वाटा लहान. एक किलो पुठ्ठा तयार करताना साधारण एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि कपड्याच्या पार्सलचं खोकं असतं शे-दोनशे ग्रॅमचं. शिवाय आपल्याकडे पुठ्ठा सहसा वाया जात नाही. भंगारवाला किलोवर घेतो, नाहीतर घंटागाडी यायच्या आत कुणीतरी वेचून नेतं. खरा खर्च आतल्या वस्तूवर झालेला असतो, आणि ती वस्तू तुम्ही किती वेळा वापरता त्याने तो खर्च भागायचा. दोनशे वेळा अंगावर चढलेला कुर्ता आणि दोनदा घालून कपाटात गेलेला कुर्ता, दोघांना पाणी, रंग, कोळसा सारखाच लागलाय. माझ्या मते सगळं या भागाकारात आहे. सुती की पॉलिस्टर, ऑनलाइन की दुकान, हे प्रश्न त्याच्यानंतरचे.

तुमच्या तीस पिशव्यांनाही हाच भागाकार लावा. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली हिशोब मांडला होता: पातळ प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या पिशवीची हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायची, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या सरकारी अभ्यासात (२०१८) पर्यावरणाचे सगळे निकष एकत्र धरून हा आकडा साध्या सुती पिशवीसाठी ७,१०० वेळांवर गेला. फक्त हवामानापुरतं बघितलं तर तो ५२ होता. हे आकडे दाखवून काही लोक ‘मग प्लास्टिकच बरं’ असा निष्कर्ष काढतात. तो मला पटत नाही, कारण नाल्यात अडकलेली किंवा गाईच्या पोटात गेलेली पिशवी या गणितात धरलेलीच नाही. पण तीस सुती पिशव्या घरात, त्यातल्या वापरात दोन, हेही पर्यावरणप्रेम नव्हे. आहेत त्यातल्या चार ठेवा, एक गाडीच्या डिकीत कायमची टाका, बाकीच्या भाजीवालीला देऊन टाका, तिच्याकडे त्या रोज वापरल्या जातील. आणि पुढे कुठल्या दुकानाने, लग्नाने, कार्यक्रमाने फुकट पिशवी पुढे केली तर ‘नको’ म्हणा.

त्या तीसांतल्या बऱ्याच पिशव्या बहुधा कापडी नसतीलच. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून कापडासारखी दिसणारी, बारीक ठिपक्यांची एक पिशवी सगळीकडे दिसते. ते नॉनवोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. शुद्ध प्लास्टिक. विणकाम नाही, नुसते तंतू उष्णतेने चिकटवलेले. ओळखायचं कसं? कडेचे दोन-चार तंतू ओढून काढा, चिमट्यात धरून काडी लावा. सूत असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, बोटाने चोळली की भुगा होतो. प्लास्टिक असेल तर ते आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी पोराला हीच चाचणी शिकवतात. ‘शंभर टक्के कॉटन’ म्हणून घेतलेल्या कुर्त्यालाही आतल्या शिवणीतला धागा काढून ती लावून बघा. करमणूक होईल.

आता टॉवेल. कापसाच्या शेतीलाच मुळात पाणी फार लागतं. जागतिक सरासरी धरली तर एक किलो सुती कापडामागे दहा हजार लिटरच्या घरात, आणि भारतातल्या कापसाला त्याहून बरंच जास्त. त्यातलं काही पावसाचं असतं, काही विहिरी-कालव्याचं. हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. रंगखात्यातला आकडा सहसा कुणी सांगत नाही.

एक किलो सूत रंगवायचं म्हणजे एका वेळेला आठेक लिटर पाण्याची आंघोळ. पण ही आंघोळ एकदा होत नाही. आधी सुतातलं मेण आणि मळ काढायला कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उकळायचं, मग धुवायचं, मग रंग, मग पुन्हा धुणं, आम्ल देऊन उदासीन करणं, साबणाच्या गरम पाण्यातून काढणं, गरम धुणं, गार धुणं. आठ-दहा वेळा मशीन भरतं आणि रिकामं होतं. किलोला साठ ते शंभर लिटर पाणी सहज जातं. शेतीपुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण शेतातलं पाणी जमिनीत मुरतं नाहीतर वाफ होऊन उडतं. हे पाणी मात्र रंग, सोडा आणि मीठ घेऊन बाहेर येतं.

हो, मीठ. रिअॅक्टिव्ह जातीचा रंग सुतावर आपणहून बसायला तयार नसतो, मीठ घातल्यावर तो पाण्यातून धाग्याकडे सरकतो. फिका गुलाबी, मोतिया, असल्या छटेला लिटरमागे वीस-तीस ग्रॅम मीठ पुरतं. नेव्ही, काळा, गडद मरून असेल तर साठ-सत्तर, कधी ऐंशी ग्रॅम. म्हणजे किलोभर गडद सुताला अर्धा किलो मीठ! ते टॉवेलात राहत नाही, शेवटच्या चिमटीपर्यंत सांडपाण्यात जातं. रंगाचंही तेच, घातलेल्या रंगापैकी साठ ते ऐंशी टक्के धाग्याला धरतो आणि उरलेला धुऊन निघतो. रंग आणि साबण पकडायला उपाय आहेत: चुना-तुरटीसारखी रसायनं घालून गाळ बसवता येतो, जिवाणूंच्या टाकीत सेंद्रिय भाग संपवता येतो. मिठाला मात्र जिवाणू हात लावत नाहीत. त्यासाठी पाणी आरओच्या पडद्यातून ढकलावं लागतं, आणि मागे उरलेलं खारट पाणी वाफेवर आटवावं लागतं. वाफ म्हणजे बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे कोळसा किंवा लाकूड. एवढं करून जे खडे मीठ उरतं त्यात रंगाचे अंश असतात, म्हणून ते घातक कचऱ्याच्या साइटवर पाठवायचं. तमिळनाडूत तिरुपूरला नदीत हेच मीठ साठत गेलं, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळं लावायला सांगितलं. तेव्हापासून सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट आमच्या धंद्यात सगळ्यांच्या तोंडी झाली.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनीतून पंपाने आणलेलं. अशा गावात गडद रंगाचा हट्ट कशाला, असं मला नेहमी वाटतं. हॉटेलं पांढरे टॉवेल का वापरतात? एकदम धुता येतात, रंग उतरायची भानगड नाही. पांढऱ्यालाही ब्लीचिंग लागतंच, तो काही फुकटात पांढरा होत नाही, पण मीठ आणि रंग दोन्ही वाचतात. घरासाठी फिकी छटा घेतली तरी माझं काम निम्म्यावर येतं.

टॉवेल टिकाऊ आहे का ते दुकानात दोन मिनिटांत कळतं. उजेडाकडे धरा, मुळातलं कापड जाळीसारखं दिसलं तर वरचे लूप कितीही गुबगुबीत असोत, सहा महिन्यांत त्याचं फडकं होणार. एखादा लूप नखाने हळूच ओढा, सरसर निघून आला तर विणच ढिली. कडेची दुमड दुहेरी टिपेची असावी. आणि हाताला रेशमासारखा मऊ लागतो म्हणून भुलू नका, तो मऊपणा बहुतेक वेळा शेवटी लावलेल्या सिलिकॉनचा असतो. पहिल्या काही धुण्यांत तो उतरतो, आणि तो उतरेपर्यंत टॉवेल पाणी नीट टिपत नाही. घरी धुताना सॉफ्टनर ओतलं तरी तेच होतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाने विणीची हमी मिळत नाही. ती हातानेच बघावी लागते.

आणि लेबलांचं एक. टॉवेलावर किंवा लहान मुलांच्या कपड्यांवर ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की तयार कापडात माणसाला अपायकारक द्रव्यं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत. ते कापड रंगवताना पाणी कुठे सोडलं, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. ‘जीओटीएस’ लिहिलेलं असेल तर त्यात सेंद्रिय कापूस आणि कारखान्याची सांडपाण्याची व्यवस्था, दोन्ही तपासलेलं असतं. परदेशी गिऱ्हाईक असली प्रमाणपत्रं मागतो म्हणून कारखानदार ती काढतो. गावातल्या गिऱ्हाइकाने आजवर कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही. तुम्ही मंगळवार पेठेत किंवा टिळक चौकात विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील, हेही खरं. पण निर्यात करणाऱ्या कारखान्यांचे स्वतःचे काउंटर असतात, तिथे विचारा.

आपल्याकडची सगळ्यात वाईट खरेदी कुठली म्हणाल तर मी आहेराची म्हणेन. कुठल्याही दुकानात गेलात की पहिला प्रश्न, ‘घरी वापरायला का द्यायला-घ्यायला?’ द्यायला-घ्यायला म्हटलं की समोर येतो तो विरळ विणीचा, चकचकीत बॉर्डरचा, प्लास्टिकच्या पाकिटातला टॉवेल. लग्नात, बारशाला, सत्काराला टॉवेल-टोपी, नारळ, ब्लाऊजपीस. घेणाराही तो वापरत नाही, पुढच्या लग्नात पुढे ढकलतो. पाकीट फाटेपर्यंत तो गावभर फिरतो. त्यालाही कापूस लागलाय, त्यालाही मीठ लागलंय, आणि त्याने आजवर कुणाचं तोंड पुसलेलं नाही. तिथे भागाकार करायचा तर शून्याने करावा लागेल! मानाचं मोडायचं नसेल तर पाच जणांना पाच पातळ टॉवेल देण्यापेक्षा ज्यांना द्यायलाच हवा अशा दोघांना बरा टॉवेल द्या. सासरचे काय म्हणतील, ते सांभाळायचं माझ्याकडे उत्तर नाही.

सुती की पॉलिस्टर हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पॉलिस्टर पेट्रोलियमपासून येतं, कुजत नाही, आणि धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात. पहिल्या काही धुण्यांत जास्त, नंतर कमी. म्हणजे तिथेही सारखे नवे कपडे घेणारा जास्त तंतू सोडतो. दुसरीकडे पॉलिस्टर मिश्रणाचं कापड टिकतं, लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते. म्हणून जे घाम-पाणी टिपायला हवं ते, टॉवेल, बनियन, चादर, सुतीच. शाळेच्या गणवेशाला मिश्रण चालेल. गणवेश शिवणं हा तर आता सोलापूरचा मोठा धंदा आहे. तयार घ्या किंवा शिवून घ्या, खाली दुमडीत कापड जास्त सोडलंय का ते बघा. पोराच्या उंचीबरोबर पँट दोनदा खाली सोडता आली की एक अख्खा गणवेश वाचतो. तुम्ही शिक्षिका आहात; दरवर्षी गणवेशाचा रंग किंवा पट्ट्यांची नक्षी बदलायचा विषय शाळेच्या बैठकीत निघाला तर तिथे बोला. एका घराने काय फरक पडतो असं विचारलंत ना? शाळेतल्या त्या एका ठरावाने चार-पाचशे घरांचा फरक पडतो.

ऑनलाइन की दुकान याचं उत्तर तुम्ही दुकानात कशा जाता त्यावर आहे. डिलिव्हरीवाला एका फेरीत कितीतरी घरं करतो. तुम्ही एका कुर्त्यासाठी स्कूटरवर नवी पेठेत जाऊन आलात तर आठ-दहा किलोमीटर, म्हणजे पाव लिटरच्या आतबाहेर पेट्रोल, लिटरला २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, अर्धा किलोभर झाला. त्याच फेरीत किराणा, औषधं, पोराची वह्या-पुस्तकं उरकलीत तर दुकान जिंकतं. चालत गेलात तर प्रश्नच नाही. ऑनलाइनचा खरा तोटा परत पाठवण्यात आहे. एकच कुर्ता दोन मापांत मागवायचा आणि एक परत करायचा, किंवा ‘पैसे दारात’ म्हणून मागवायचं आणि डिलिव्हरीवाला आला की ‘नको’ म्हणायचं. ते पार्सल उलट्या वाटेने शेकडो किलोमीटर जातं, आणि परत गेलेला प्रत्येक कपडा पुन्हा विकला जातोच असं नाही. आवडता कुर्ता जमिनीवर पसरून टेपने मोजा, ती मापं फोनमध्ये लिहून ठेवा, आणि साइटवरच्या मापाशी ताडून मगच मागवा. ‘आजच हवं’ हा पर्यायही सोडा. गाडी भरायची वाट न बघता निघते ती याच घाईमुळे.

किराण्याबद्दल थोडक्यात. शाम्पू, सॉस, गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं हे प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेले असतात. भंगारवाला त्यांना हात लावत नाही, फारतर सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. मोठी बाटली, मोठं पाकीट घ्या. दूरच्या गावाहून आलेल्या फळांची फार चिंता करू नका. अन्नाच्या एकूण कार्बनमध्ये वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्के, त्यापेक्षा ते पिकवलं कसं आणि त्यातलं फेकलं किती याला वजन आहे. ओला कचरा ढिगात दाबला गेला की मिथेन सुटतो. आपली रब्बीची मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, भातासारखं पाणी तुंबवून ठेवावं लागत नाही. आणि भाकरी टिकावी म्हणून कडक भाकरी करणाऱ्या गावाला अन्न वाया घालवू नका म्हणून मी काय शिकवणार!

जिथे एका खरेदीने वर्षानुवर्षांचा खर्च ठरतो ती जागा वेगळी आहे: एसी, फ्रिज, गीझर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, एसी ही चैन राहिलेली नाही हे मान्य. ताशी एक युनिट धरा, रात्री आठ तास, तीन महिने. ७२० युनिट झाली. देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे एका उन्हाळ्याचा अर्धा टन. तुमच्या दोनशे ग्रॅमच्या खोक्यांच्या भाषेत अडीच हजार खोकी. महिन्याला आठ पार्सलं आली तरी पंचवीस वर्षांत एवढी होणार नाहीत. ही वीज कोळशाची आहे, आणि त्यासाठी लांब बघायची गरज नाही. फताटेवाडीजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा एसी-फ्रिज घेताना स्टार बघा, खोलीच्या मापापेक्षा मोठं यंत्र घेऊ नका, आणि २६ अंशांवर ठेवून पंखा लावा. नवा फ्रिज आला की जुना हॉलमध्ये ‘पाण्याच्या बाटल्यांना’ ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे, ती सोडा. जुनं यंत्र दुकानात परत द्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, ते परत गोळा करून नीट मोडायची जबाबदारी उत्पादकावर आहे.

राहिले जुने कपडे. बोहारीण दारात आली तर तिला द्या, पातेल्याच्या मोहाने नव्हे, तर तिने नेलेला कपडा धुऊन, दुरुस्त होऊन पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातो म्हणून. कपडा आणखी नऊ महिने जास्त वापरला गेला तर त्याचा पर्यावरणावरचा बोजा वीस-तीस टक्क्यांनी कमी होतो, असा ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेचा अंदाज आहे. फाटक्या साड्या-चादरींच्या वाकळा शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. वाकळेला सुती कपडे वेगळे काढून द्या. मध्ये पॉलिस्टरचा थर आला तर ती घाम टिपत नाही आणि सुईही सरकत नाही. जीर्ण टॉवेलाचे आधी हातपुसणे करा, मग फरशी पुसायचं फडकं, आणि अगदीच चाळण झाली की कापून कुंडीतल्या मातीत घाला, कुजून जाईल. मात्र कडेची टीप आधी उसवून काढा. तो दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, मातीत तसाच राहतो.